गुर्लापूरनंतरचा प्रश्न: रस्त्यावर बसलेला शेतकरी मतदानाला कुठे जातो?

दूधगंगाकाठ (धागाकर्ता)

बेळगाव जिल्ह्याच्या मुडलगी तालुक्यातील गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादकांनी ३० ऑक्टोबर २०२५ पासून ठाण मांडले, तेव्हा आमच्या चिक्कोडी भागातून तिकडे जाऊन बसलेल्यांमध्ये मीही होतो. मागणी टनाला ३,५०० रुपयांची होती. मंत्री येऊन गेले, विरोधी पक्षाचे प्रदेशाध्यक्ष बी. वाय. विजयेंद्र येऊन बसले, हत्तरगी टोलनाक्यावर दगडफेक झाली आणि अखेर ७ नोव्हेंबरला बंगळूरमधील बैठकीनंतर मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी ३,३०० रुपयांचा दर जाहीर केला, ज्यातील ५० रुपये सरकारने सोसायचे ठरले. बातम्यांपुरते प्रकरण तेथे संपले. मला मात्र त्याआधीचा आणि त्यानंतरचा प्रश्न सतावतो. बेळगाव जिल्ह्यातील बहुतेक मोठ्या साखर कारखान्यांमागे कोणत्या ना कोणत्या पक्षाचे नेते किंवा त्यांचे कुटुंब आहे आणि त्यांना निवडून देणारे मतदार आपणच आहोत. ज्याच्या कारखान्याविरुद्ध नऊ-दहा दिवस रस्त्यावर झोपायचे, त्यालाच पुढच्या निवडणुकीत मत द्यायचे, याला बाहेरचे लोक शेतकऱ्याचा भोळेपणा म्हणतात, काही जण सरळ दुटप्पीपणा म्हणतात. मला दोन्ही पटत नाही.

ज्यांचा उसाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे तपशिलाने लिहितो. ऊस लावला की कारखान्याकडे लागणीची नोंद होते. पुढे तोड कधी मिळणार, तोडणी मजुरांची टोळी कोणती येणार, हे त्या नोंदीच्या तारखेनुसार ठरायला हवे. प्रत्यक्षात ते चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस) आणि कारखान्याच्या शेतकी खात्याच्या मर्जीवर बरेच अवलंबून असते. जो गडी कारखान्याच्या वार्षिक सभेत उभा राहून वजनकाट्याबद्दल प्रश्न विचारतो, त्याला कुणी धमकी देत नाही. त्याची तोड फक्त मागे पडते. जानेवारीतला ऊस मार्चमध्ये गेला की तोवर तुरा आलेला असतो, वजन घटलेले असते, खोडव्याचे (तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाचे) पाणी चुकलेले असते आणि टोळीला खुशाली (मजुरीवर वरचे पैसे) द्यावी लागते ती वेगळीच. कापूस किंवा सोयाबीन घरात ठेवून पुढच्या महिन्यात दुसऱ्या व्यापाऱ्याला विकता येते. ऊस उभा वाळतो. त्यामुळे एकटा ऊसवाला कधीच भांडत नाही, आणि त्याचे हे शहाणपण आहे.

मग गुर्लापूरला काय बदलले? राग तर दरवर्षीच असतो. माझ्या मते बदलली ती एकच गोष्ट: शेजारीही बसला आहे, याची खात्री. हंगामाच्या तोंडावर अख्ख्या तालुक्याने ऊस थांबवला की कारखाना कुणा एकाला वेगळे काढू शकत नाही. ज्याची तोड मागे टाकायची, त्याची यादीच मुळी सगळ्या गावाची होते. ही खात्री कशी तयार केली जाते ते मी जवळून पाहिले. गावोगावहून ट्रॉलीतून भाकरीच्या चवडी येत होत्या आणि प्रत्येक ट्रॉली आली की ध्वनिक्षेपकावरून कन्नडमध्ये त्या गावाचे नाव पुकारले जात होते. पहिल्या दिवशी मला तो नुसता आभाराचा भाग वाटला. दोन दिवसांनी माझ्या शेजारी बसलेला एक म्हातारा गावांची नावे बोटांवर मोजू लागला आणि कोणत्या गावाचे नाव अजून आले नाही, ते मोठ्याने म्हणू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावाच्या दोन ट्रॉल्या आल्या. भीती सगळ्यांत विभागली गेली आणि लाजेला कामाला लावले गेले. माझ्या समजुतीप्रमाणे आंदोलनाचे मानसशास्त्र बहुतांशी एवढेच आहे, भाषणांचा वाटा त्यात फार लहान असतो.

मतदान केंद्रावर तोच माणूस पुन्हा एकटा होतो. मत गुप्त असते हे खरे, पण मोजणी केंद्रनिहाय जाहीर होत असल्याने कोणत्या गावाने कुणाला किती मते दिली, हे कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये निकालाच्या संध्याकाळीच माहीत असते. सोसायटीचे पीककर्ज, मुलाची कारखान्यातील रोजंदारी, विहिरीच्या वीजजोडणीसाठीचा फोन हे सारे त्याच दारातून येते. या परिस्थितीत तो ज्याला मत देतो, त्याच्याविरुद्ध रस्त्यावर बसतो यात विसंगती कुठे आहे?

याबद्दल इतर तालुक्यांतील मंडळींचे अनुभव वाचायला आवडतील. फक्त ‘सगळे नेते चोर’ एवढाच प्रतिसाद कृपया देऊ नये, ते आपल्याला सर्वांना आधीच ठाऊक आहे.

जर्दा

निपाणीकर या नात्याने १९८१ चा विषय काढणे माझे कर्तव्य आहे. मार्च १९८१ मध्ये शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्गावर बैठक मारली, ती तीन आठवड्यांहून अधिक काळ चालली. ६ एप्रिल १९८१ रोजी गोळीबार झाला आणि १२ शेतकरी गेले. दरवर्षी ६ एप्रिलला त्यांचे स्मरण आमच्याकडे होते, जरी आता जमणाऱ्यांत पांढरे केसच अधिक दिसतात.

दूधगंगाकाठ यांचे ‘शेजाऱ्याची खात्री’ हे म्हणणे पटते, पण त्यांनी अपमान हा भाग गाळला आहे. तंबाखूचा व्यवहार वखारीत होई. शेतकरी वर्षभराचा माल घेऊन उभा, व्यापारी बोद (तंबाखूचा गठ्ठा) फोडून चिमूटभर जर्दा बोटांत चोळणार, वास घेणार, तोंड वाकडे करणार आणि ‘माल हलका आहे’ म्हणून भाव सांगणार. पैसे कधी मिळतील ते विचारायचे नाही. माझे वडील सांगत की कमी भावापेक्षा ते तोंड वाकडे करणे जास्त लागत असे, कारण ते गावातल्या चार माणसांसमोर होई. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा ज्यांनी ऐकली, त्यांना त्यातले अर्थशास्त्र नंतर कळले. आपण मागायला आलेलो नाही, हे आधी कळले. छातीवरचा संघटनेचा लाल बिल्ला हेच काम करत असे. बिल्ला लावलेला माणूस वखारीत वेगळा उभा राही.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. तो काळ सीमाप्रश्न धगधगता असण्याचा होता. पुण्याकडचा एक मराठी माणूस कर्नाटकातील रस्ता अडवून बसला होता आणि राज्यात सरकार मुख्यमंत्री गुंडूराव यांचे होते. तरीही ते आंदोलन भाषेचे झाले नाही, कारण तंबाखू पिकवणाऱ्यांत कन्नड बोलणारे लिंगायत शेतकरीही होते आणि मराठे, जैनही होते, आणि वखारीतला अनुभव सर्वांचा सारखाच होता.

काटा_पावती

भावनांवर बरेच लिहून झाले आहे, म्हणून थोडे आकडे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्याने किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये आहे. त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला क्विंटलमागे ३.४६ रुपये वाढतात. उतारा ११.२५ धरला तर टनाला ३,८९६ रुपये होतात. यातून तोडणी-वाहतूक कापली जाते. ती आठ-नऊशे रुपये धरली तर शेतकऱ्याच्या हातात तीन हजारांच्या आसपास पडतात. म्हणजे गुर्लापूरचा ३,३०० चा आकडा तोडणी-वाहतूक वगळून असल्याने तो कायद्याच्या किमान दरापेक्षा वरचा आहे, आणि म्हणूनच कारखानदार ‘आम्ही कायद्याहून जास्त देतो’ असे म्हणू शकतात. ते खोटे बोलत नाहीत. प्रश्न असा की उतारा किती, हे कोण मोजतो? कारखाना. तोडणी-वाहतुकीचा खर्च कोण ठरवतो? कारखाना. वजन कुणाच्या काट्यावर? कारखान्याच्याच. शेतकऱ्याला या तीनही आकड्यांवर बोलता येत नाही, म्हणून तो चौथ्या आकड्यावर, म्हणजे दरावर, रस्त्यात बसून बोलतो. ३,५०० ही मागणी हिशेबातून आलेली नव्हती. ती पंचगंगेकडचे, म्हणजे कोल्हापूरचे, कारखाने काय देतात, या ऐकीव तुलनेतून आली होती. आपल्या पोराची फी भरता आली नाही, यापेक्षा पावण्याच्या पोराची भरली गेली, हे माणसाला जास्त जाळते.

शिवाय १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत बिल न दिल्यास १५ टक्के व्याज द्यावे लागते. ते व्याज न मागता मिळालेला शेतकरी माझ्या पाहण्यात नाही. त्यासाठी रस्ता अडवल्याचेही ऐकिवात नाही.

मलप्रभेवरून

मी खानापूर तालुक्यातला, नोकरीनिमित्त बरीच वर्षे सौंदत्तीकडे आहे. दूधगंगाकाठ यांच्या मांडणीला एक मोठा अपवाद आमच्या नदीवरच घडलेला आहे. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थला मलप्रभेवर धरण झाले. त्याच्या लाभक्षेत्रातील जमिनीवर सरकारने सुधारणा कर लावला, पाणी नीट पोहोचले नसतानाही वसुली सुरू केली, आणि २१ जुलै १९८० रोजी नरगुंद-नवलगुंदमध्ये उद्रेक होऊन गोळीबार झाला. त्यातून कर्नाटक राज्य रयत संघ उभा राहिला, एम. डी. नंजुंडस्वामी, एच. एस. रुद्रप्पा, एन. डी. सुंदरेश ही नावे तेव्हाची. हिरवी शाल खांद्यावर आली. परवानगीशिवाय वसुली अधिकाऱ्याने गावात येऊ नये, अशा पाट्या गावांच्या वेशीवर लागल्या. आणि जानेवारी १९८३ मध्ये गुंडूराव यांचे सरकार गेले, कर्नाटकात पहिल्यांदाच काँग्रेसेतर मुख्यमंत्री झाले. त्या पराभवाची कारणे अनेक होती, तरी नरगुंदचा वाटा त्यात कुणी नाकारत नाही. म्हणजे रस्त्यावरचा राग मतपेटीत उतरू शकतो.

फरक मला असा दिसतो. नरगुंदला शेतकऱ्यासमोर सरकार होते, कर वसूल करणारा तहसीलदार होता. त्याचा माल विकत घेणारा, त्याला कर्ज देणारा आणि त्याचा आमदार हा एकच माणूस नव्हता. तहसीलदाराची बदली होते. कारखानदाराची होत नाही.

जाता जाता दुसरे एक टोक दाखवतो. म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवणाऱ्या कळसा-भंडुरा योजनेसाठी नरगुंदला २०१५ पासून शेतकरी बसले होते आणि २०१८ मध्ये म्हादई लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, तेव्हा तिकडे गुलाल उधळला गेला. ते पाणी जिथून वळवायचे त्या कणकुंबी परिसरातील आमचे लोक मराठी बोलणारे, भात आणि काजूवर जगणारे. त्यांनाही शेतकरीच म्हणतात. त्यांच्या जंगलाचे आणि झऱ्यांचे काय, हे विचारण्यासाठी कधी महामार्ग अडला नाही, कारण तिथे माणसे थोडी आहेत. शेतकरी आंदोलन म्हणजे सगळ्या शेतकऱ्यांचे, असे गृहीत धरू नये.

दूधगंगाकाठ (धागाकर्ता)

मलप्रभेवरून यांनी दाखवलेला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. विरोधक दूर असेल तर राग मतापर्यंत टिकतो. तो दाराशीच असेल तर टिकत नाही. कृषी कायद्यांविरुद्ध दिल्लीच्या सिंघू, टिकरी, गाझीपूर सीमांवर नोव्हेंबर २०२० च्या अखेरीपासून वर्षभर लोक बसू शकले, त्याचे एक कारण असेही असावे की त्यांचा विरोधक दिल्लीत होता आणि गावातला अडत्या त्यांच्या बाजूचा होता. आपल्याकडे तसे नाही. महाराष्ट्रातही पहा: राजू शेट्टी २००४ मध्ये शेतकरी संघटनेतून वेगळे झाले, ऊसदराच्या प्रश्नावर २००९ आणि २०१४ मध्ये हातकणंगल्यातून खासदार झाले, पण २०१९ आणि २०२४ मध्ये हरले. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला आमच्याकडून टेम्पो भरून माणसे आजही जातात, दराची घोषणा होईपर्यंत हलत नाहीत. त्या मैदानातली सगळी माणसे मतदार म्हणून मोजायची चूक त्यांच्या विरोधकांनी कधी केली नाही.

हलग्याचा

बेळगाव तालुक्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे ऊसदर हा प्रश्न नाही, जमीन हा आहे. हलगा-मच्छे बगलरस्त्यासाठी पिकाऊ, भाताची, भाजीची जमीन घेण्याला हलगा, येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळ, मच्छे या भागांतील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. प्रकरण न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये उभ्या पिकात यंत्रे आणली गेली, तेव्हाचा पोलिसांचा बंदोबस्त ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत.

आमची अडचण निराळी आहे. येथील जमीनधारक बहुसंख्येने मराठी असल्याने आम्ही बांधावर उभे राहिलो तरी ते भाषेचे आंदोलन म्हणूनच पाहिले जाते. अधिकारी तसे पाहतात, कन्नड वाहिन्या तसे दाखवतात, आणि खरे सांगायचे तर आपल्यातील काही पुढाऱ्यांनाही ते तसेच दिसावे असे वाटते, कारण सीमाप्रश्नाच्या व्यासपीठावर शेतकऱ्याला उभे केले की व्यासपीठ भरते. सीमाप्रश्न माझाही आहे. त्याचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे आणि तो सुटावा असे मला मनापासून वाटते. पण माझ्या सात गुंठ्यांवरून रस्ता जाणार की नाही, हा निर्णय त्या दाव्याची वाट पाहणार नव्हता. आमच्या धरण्याला हिरव्या शालीवाले रयत संघाचे लोक येऊन बसले, कन्नडमधून बोलले, आमच्या बायकांनी मराठीतून टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी बंदोबस्तावरचे साहेब जरा गोंधळल्यासारखे दिसले. त्यांची नेहमीची वाक्ये चालेनात.

कोयता

सर्वांचे वाचले. गुर्लापूरला भाकरी आल्या याचे वर्णन छान आहे. त्याच दिवसांत रायबागच्या एका माळावर बीडकडून आणि विजयपूरकडून आलेल्या टोळ्या कोप्या (झोपड्या) घालून बसून होत्या. त्यांनी मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ती फेडायची म्हणजे टन तोडायचे. तोड बंद तर फेड बंद, आणि खाणे मात्र चालू. मी तेथे एका शाळेच्या कामासाठी गेलो असताना एका बाईने विचारले की हे भांडण संपणार कधी. दर वाढला तर तुम्हाला काही मिळेल का, असे मी तिला विचारणार होतो, पण विचारले नाही, उत्तर दोघांनाही माहीत होते. काटा_पावती यांच्या हिशेबातील ‘तोडणी-वाहतूक कापली जाते’ या ओळीत ही बाई आहे. शेतकरी ती रक्कम कमी व्हावी म्हणतो. त्याचा राग कारखान्यावर असतो, पण हंगामात रोज समोर दिसते ती खुशाली मागणारी टोळी, आणि तो तिच्यावर चिडतो. या चिडीचा फायदा कुणाला होतो, ते सांगायला नको.

जर्दा

कोयता यांचा मुद्दा मान्य. निपाणीत तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळण्याच्या कामात बायकाच होत्या, आणि त्यांच्या मजुरीचा प्रश्न शेतकऱ्यांच्या प्रश्नाबरोबर नेहमीच आनंदाने नांदला असे मीही म्हणणार नाही.

दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. तडजोड जाहीर झाल्यावर आठवडाही उलटला नाही तोच, १३ नोव्हेंबरला शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात उसाने भरलेल्या ट्रॉल्या पेटल्या. आग कुणी लावली यावर आरोप-प्रत्यारोप झाले, त्यात मी पडत नाही. जळालेला ऊस मात्र कुणा शेतकऱ्याचाच होता. ३,३०० वर गुर्लापूर उठले आणि मुधोळकडचे लोक ३,५०० वरच होते. जो आधी उठतो, तो मागे राहिलेल्याच्या नजरेत विकला गेलेला ठरतो. संघटना विजयानंतर फुटतात त्या अशा. पराभवात सगळे एकत्र रडतात, पण मिळालेली वाढ पुरेशी की कमी, यावर दोन सख्खे भाऊही एकमत होत नाहीत. रयत संघाचे इतके गट का आणि शेतकरी संघटनेच्या इतक्या शाखा का, याचे उत्तर नेत्यांच्या अहंकारात शोधण्याची पद्धत आहे. मी ते निम्मेच मानतो.

सुवर्णसौध_रस्ता

थोडक्यात एक निरीक्षण. दर डिसेंबरात बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते आणि सुवर्ण विधानसौधाजवळ आंदोलकांसाठी वेगळे तंबू उभारले जातात. नोंदणी करायची, वेळ मिळवायची, मंत्री येऊन निवेदन घेणार, फोटो, परत गाडी. नोव्हेंबर २०१३ मध्ये याच ठिकाणी ऊस आंदोलनातील एका शेतकऱ्याने विष घेतले आणि त्याचा मृत्यू झाला, तेव्हा सगळे सभागृह हादरले होते. त्यानंतर तंबूंची व्यवस्था अधिक नेटकी झाली आहे. गुर्लापूर सरकारला जड गेले त्याचे कारण ते अधिवेशनाआधी, तंबूबाहेर आणि गाळप सुरू होण्याच्या नेमक्या तोंडावर झाले. पलीकडचे, महाराष्ट्रातले कारखाने सुरू झाले की सीमेवरचा ऊस तिकडे पळतो, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत इकडच्या कारखान्यालाही घाई असते. डिसेंबरात तीच माणसे, तीच मागणी घेऊन बसली असती तर बहुधा निवेदनच दिले गेले असते.

दूधगंगाकाठ (धागाकर्ता)

वेळेबद्दलचे म्हणणे अगदी बरोबर आहे.

आंदोलनानंतर काय झाले, असे मला व्यक्तिगत निरोपातून दोघांनी विचारले, म्हणून आमच्या गावापुरते लिहितो. जे गुर्लापूरला बसून आले त्यांची तोड मागे पडणार, अशी कुजबुज नोव्हेंबरातच सुरू झाली होती. तेव्हा गावातील काही तरुणांनी सोसायटीत बसून प्रत्येकाची लागणीची तारीख आणि गट नंबर एका वहीत उतरवून घेतला आणि त्या पानांचे फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. पुढे ज्याच्या फडात टोळी उतरली त्याचे नाव त्याच दिवशी तेथे लिहिले जाऊ लागले. दोन ठिकाणी क्रम मोडलेला दिसला. दोन्ही वेळा पाच-सहा जणांनी मिळून शेतकी कार्यालयात जाऊन फक्त वही दाखवली. एका प्रकरणात टोळी बदलून मिळाली, दुसऱ्यात ‘ट्रॅक्टर बिघडला होता’ असे उत्तर मिळाले. ज्या गटावर ही यादी आहे, त्यात चिटबॉयही सदस्य आहे आणि त्याला कुणी काढलेले नाही, मुद्दामच. काटा_पावती यांना विचारायचे होते की असेच काट्याच्या पावत्यांचे करता येईल का, म्हणजे बाहेरच्या खासगी काट्यावर भरून घेतलेले वजन आणि कारखान्याचे वजन शेजारी-शेजारी लिहून. एका ट्रॉलीमागे काट्याचे पैसे कुणी द्यायचे, एवढ्यावरच आमचे घोडे अडले आहे.

काटा_पावती

करता येईल. प्रत्येक ट्रॉलीची गरज नाही. गावातून आठवड्याला तीन ट्रॉल्या, कोणत्या ते चिठ्ठी टाकून आदल्या रात्री ठरवावे आणि पैसे सगळ्यांनी टनावर वाटून घ्यावेत. वजन करताना ट्रॅक्टरचालक तोच असावा, डिझेल मध्ये भरू नये आणि दोन्ही पावत्यांवर वेळ छापलेली असावी, नाहीतर वाटेत ऊस पडला म्हणून सांगतील. रिकाम्या ट्रॉलीचे वजन दोन्हीकडे करावे. बहुतेक लोक ते विसरतात आणि मारामारी तिथेच असते.